बियांच्या तेलाविना फराळ : कोठीपासून लेबलापर्यंत

तुपात तळलेले शंकरपाळे, खोबरेल तेलातला चिवडा, तेलाचा थेंबही न लागलेले डिंकाचे लाडू. अशा पाकिटांवर ‘बियांचे तेल नाही’ असं लिहिलेलं शहरातल्या गिऱ्हाइकाला हवं असतं. सरकी, सोयाबीन, सूर्यफूल अशी बियांतून काढलेली तेलं आजार आणतात, असं त्याला वाटतं. विदर्भातले बरेच बचत गट आता अशा मागण्या घेतात. लेबल छापायला एक दिवस पुरतो. पण त्यावरची ओळ खरी ठेवायची तर बाराही महिने कोठीवर नजर ठेवावी लागते, कारण तेल कढईतून जेवढं येतं त्याहून जास्त विकत आणलेल्या मसाल्यातून, डाळीतून आणि गुळातून येतं.

आधी एक गैरसमज दूर करू. भारतात ‘बियांच्या तेलाविना’ असं कुठलंही सरकारी चिन्ह नाही. एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण), शेतमालाच्या प्रतीसाठी ॲगमार्क, सेंद्रियासाठी जैविक भारत, पोषणयुक्त अन्नासाठी प्लस-एफ ही चिन्हं आहेत, त्यांत हे नाही. अमेरिकेत सीड ऑइल फ्री अलायन्स ही संस्था असं प्रमाणपत्र देते. तिचं चिन्ह इंटरनेटवरून उतरवून पाकिटावर छापणं म्हणजे सरळ फसवणूक आहे. आपल्याकडे ही ओळ उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लिहितो. ती खरी आहे हे दाखवण्यासाठी हातात तीन गोष्टी लागतात : माल देणाऱ्यांची लेखी हमी, तुपाचा ताळा लागणारी वही आणि प्रयोगशाळेचा अहवाल.

कोणती तेलं नाहीत, हे आधी ठरवा

अमेरिकेत या चर्चेत आठ तेलांची नावं घेतली जातात : कॅनोला, मका, सरकी, सोयाबीन, सूर्यफूल, करडई, द्राक्षबी आणि तांदळाचा कोंडा. या यादीत फल्ली (शेंगदाणा), तीळ, जवस आणि मोहरी नाहीत. पण आपल्याकडचं गिऱ्हाईक फल्लीतेल हेही बियांचंच तेल समजणार, आणि ते चूकही नाही. घाण्याच्या जवस तेलात तळून ‘बियांचे तेल नाही’ असं लिहिलं, तर अमेरिकेची यादी दाखवून सुटका होणार नाही.

म्हणून गटाच्या ठरावात यादी नावानिशी लिहा. आमचा सल्ला असा : सरकी, सोयाबीन, करडई, सूर्यफूल, मका, तांदूळ कोंडा, मोहरी, तीळ, जवस, फल्ली यांपैकी कुठलंही तेल वेगळं घालायचं नाही. तूप, लोणी आणि खोबरेल तेल चालेल. पाम तेल फळाच्या गरातून निघतं, त्यामुळे शब्दांच्या खेळात ते बसतं. तरी ते वापरू नका आणि वनस्पती तूपही नको. ज्याने तुपाचे पैसे मोजले त्याला पाम तेल देण्यात धंदा टिकत नाही.

दुसरा ठराव बियांबद्दल. चिवड्यात फल्लीदाणे आहेत, लाडवात तीळ आहेत, चटणीत जवस आहे. यांच्या पोटात त्यांचं स्वतःचं तेल असतंच, फल्लीदाण्यात तर जवळपास निम्मं. त्यामुळे दावा ‘वेगळे तेल घातलेले नाही’ एवढाच ठेवावा. ‘बियांच्या तेलापासून पूर्ण मुक्त’ असं लिहिलं की पहिलाच दाणा ते खोटं पाडतो.

ज्या पदार्थात मुळात तेल लागतच नाही, त्यावर ही ओळ लावूच नका. हळद पावडर, ज्वारीचं पीठ, वाळवलेली मोहफुलं यांवर ‘बियांचे तेल नाही’ लिहिलं की शेजारच्याच्या हळदीत तेल असतं असा अर्थ निघतो. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सची अटही हीच आहे : जो घटक गिऱ्हाइकाला त्या पदार्थात एरवी अपेक्षित असतो, त्याच्याच अभावाचा दावा करावा. त्याच अटींत असंही आहे की एक घटक काढून दुसरा घातला, तर तो दुसराही तितक्याच ठळकपणे सांगावा. म्हणजे ‘तेल नाही’ मोठ्या अक्षरात आणि ‘तुपात तळलेले’ मुंगीएवढं, हे चालत नाही.

तेल कुठून शिरतं

सर्वांत मोठी फट तिखटाची आहे. मिरची पावडरीत वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत खाद्यतेल घालायला नियमानेच मुभा आहे, मात्र तेलाचं नाव आणि प्रमाण लेबलवर द्यावं लागतं. सुट्या तिखटाला लेबल नसतं, त्यामुळे काय घातलंय ते कळत नाही. उपाय सोपा आहे. भिवापुरी किंवा जी मिळेल ती अख्खी मिरची घ्या, देठं काढून उन्हात कडक वाळवा आणि कांडपावर समोर उभं राहून कुटून आणा. कांडपवाला रंग खुलावा आणि खकाणा कमी उडावा म्हणून सवयीने तेलाचा हात मारतो, त्याला आधीच बजावून ठेवा. पहिलं अर्धा किलो तिखट वेगळं काढा, त्यात आधीच्या गिऱ्हाइकाचा माल मिसळलेला असतो.

त्यानंतर डाळ. तुरीची साल सुटावी म्हणून डाळ मिलमध्ये तुरीला तेल चोळून मुरवत ठेवण्याची पद्धत जुनी आहे. शिवाय कीड लागू नये म्हणून तयार डाळीलाही वरून तेल लावतात. चकली-शेवेच्या भाजणीसाठी डाळ घेताना ‘बिनतेलाची’ असं स्पष्ट मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. मूठभर डाळ पांढऱ्या टिपकागदात दाबून धरली तर वरून लावलेलं तेल डाग पाडतं. मिलमध्ये आत मुरलेलं तेल मात्र यातून कळत नाही.

गुळाच्या काहिलीत फेस दाबायला चमचाभर तेल टाकतात. मनुकांना चिकटू नयेत म्हणून तेल लावलेलं असतं. बांधणी हिंगाच्या काही डब्यांवर घटकांमध्ये वनस्पती तेल लिहिलेलं सापडतं. तयार काळा मसाला आणि सावजी मसाला तर तेलात भाजूनच केलेला असतो, तो घरीच तुपात भाजा. खारे काजू कशात तळले ते विचारा. चॉकलेट किंवा झटपट विरघळणारी दूध पावडर वापरत असाल तर ‘३२२’ हा क्रमांक पाहा. ते लेसिथिन आहे आणि बहुतेक वेळा सोयाबीनचं असतं. ते पायसीकारक आहे, तळायचं तेल नाही, तरी आमच्या मते अशी वस्तू या यादीतून बाहेर ठेवावी.

यात कायद्याची एक बारीक अडचण आहे. मिश्र घटक, उदाहरणार्थ तयार मसाला, पदार्थाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याच्या पोटातले घटक लेबलवर उघड करणं बंधनकारक नाही, मिश्रके (रंग, टिकवणारे पदार्थ वगैरे) तेवढी सांगावी लागतात. म्हणजे मसाल्यातलं तेल लपवूनही घटकांची यादी कायद्याने बरोबर ठरू शकते. पण त्याच पाकिटावर समोर ‘तेल नाही’ लिहिलं असेल तर ते दिशाभूल करणारं ठरतं. ही सूट या मालासाठी कधीच घेऊ नका.

घरातल्या सवयीही तपासा. पापड-मिरगुंड लाटताना पोळपाटाला तेलाचा हात, चिक्कीच्या ताटाला तेल, शेवेच्या सोऱ्याला तेल, लोखंडी कढई जवस तेलाने पक्की करणं. सगळीकडे तूप वापरायचं, असा नियम लावा. पिठाच्या गिरणीत आधी सोयाबीन दळलं असेल तर पहिलं दीड-दोन किलो पीठ घरखर्चाला घ्या.

माल देणाऱ्याकडून साध्या कागदावर एवढं लिहून घ्यावं : ‘आम्ही आपल्याला पुरवत असलेल्या या मालात प्रक्रियेच्या कोणत्याही टप्प्यावर खाद्यतेल लावलेले किंवा मिसळलेले नाही. पद्धत बदलल्यास माल पाठवण्यापूर्वी कळवू.’ खाली तारीख, सही, शिक्का. दरवर्षी नवीन घ्या. जो सही करायला तयार नाही त्याचा माल घेऊ नका.

तुपाची भानगड

विदर्भात जनावरांना सरकी आणि सरकीची ढेप (पेंड) घालतात. तिचा अंश तुपात उतरतो, म्हणून अशा भागातल्या तुपाचे आकडे वेगळे येतात. तुपाच्या मानकांमध्ये कापूस पट्ट्याचा स्वतंत्र उल्लेख याच कारणाने आला. इथलं प्रामाणिक तूपही आरएम मूल्यात (दुधाच्या चरबीतली उडून जाणारी आम्लं मोजणारा आकडा) थोडं कमी आणि बीआर रीडिंगमध्ये (तुपातून जाताना प्रकाश किती वळतो तो आकडा) थोडं जास्त येऊ शकतं.

सरकी तेल ओळखायला हॅल्फेन चाचणी करतात. गंधकाच्या द्रावणात तेल गरम केलं की लालसर रंग येतो. पण ढेप खाणाऱ्या म्हशीच्या शुद्ध तुपातही हा रंग उमटू शकतो. उलट, सरकी तेल खूप तापवलेलं असेल तर रंग येतही नाही. म्हणून हॅल्फेनवर कोणालाही चोर ठरवू नका. बाउडुइन चाचणी वेगळी आहे. वनस्पती तुपात ओळख पटावी म्हणून तिळाचं तेल मिसळायचा नियम होता, त्या तिळाचा रंग ही चाचणी दाखवते. तुपात ती नकारात्मकच आली पाहिजे. पण भेसळ नुसत्या सोयाबीन तेलाची असेल तर ती गप्प राहते.

खरा निवाडा दोन चाचण्या देतात. एक, गॅस क्रोमॅटोग्राफीने (घटक वेगळे करून मोजायच्या पद्धतीने) फॅटी ॲसिडचा आराखडा, म्हणजे चरबीत कोणतं आम्ल किती. दोन, वनस्पतिजन्य स्टेरॉल, विशेषतः बीटा-सिटोस्टेरॉल. प्राण्याच्या चरबीत कोलेस्टेरॉल असतं, वनस्पतीच्या तेलात सिटोस्टेरॉल, आणि जनावराने कितीही ढेप खाल्ली तरी तुपात सिटोस्टेरॉल मोजण्याइतकं येत नाही.

तूप गावातून गोळा करायचं की डबाबंद घ्यायचं? सुरुवात ॲगमार्कच्या सीलबंद डब्याने करावी. डब्याचा लॉट क्रमांक वहीत चढवता येतो. गावचं तूप घ्यायचंच असेल तर प्रत्येक घराचं तूप वेगळ्या बरणीत घ्या, सगळं एका पिंपात ओतून मग नमुना काढू नका. भेसळ निघाली तर कोणाची ते सापडत नाही आणि सगळंच पिंप वाया जातं.

तुपाचा ताळा

निरीक्षक असो वा घाऊक खरेदीदार, वही दाखवली की अर्धी शंका मिटते. हिशोब असा करतात. समजा शंकरपाळ्यांच्या एका बॅचला मैदा १० किलो, साखर ३ किलो, मोहनाला तूप दीड किलो. कढईत तूप १० किलो घातलं, तळण संपल्यावर गाळून मोजलं तर ७.८ किलो उरलं. म्हणजे २.२ किलो पदार्थात गेलं. एकूण तूप ३.७ किलो. पाण्याचा अंश उडून तयार माल सुमारे १५.७ किलो भरतो. मालातलं तूप साधारण साडेतेवीस टक्के, त्यात मैद्याची स्वतःची चरबी धरून २४ च्या आसपास.

आता प्रयोगशाळेने एकूण चरबी २३ ते २५ टक्के सांगितली तर ताळा बसला. ३० सांगितली आणि वहीत तूप ३.७ किलोच असेल, तर दुसरं काहीतरी कढईत गेलं आहे किंवा वजन चुकलं आहे. रोजच्या वहीत एवढे रकाने पुरतात : तारीख, बॅच, तुपाचा लॉट, मोहन, कढईत घातलेलं, मधे वाढवलेलं, उरलेलं, तयार वजन, पाकिटं, सही. महिन्याअखेर तुपाची बिलं आणि वापर जुळवा. दोन-तीन टक्के फरक सांडण्या-चिकटण्यात जातो, त्याहून जास्त असेल तर शोध घ्या.

प्रयोगशाळेत काय पाठवायचं

इथे बहुतेक जण चुकतात, कारण ते तयार चिवड्याचं पाकीट पाठवतात. एक किलो पोहे, दीडशे ग्रॅम दाणे आणि १२० ग्रॅम तूप असा चिवडा घ्या. दाण्यांमधूनच सुमारे ७० ग्रॅम तेल येतं. अशा चिवड्याच्या चरबीत लिनोलिक आम्ल (बियांच्या तेलात भरपूर असणारं फॅटी ॲसिड) १३-१४ टक्के दिसेल. नुसत्या तुपात ते २-३ टक्के असतं. अहवाल वाचणाऱ्याला वाटणार, यात तेल मिसळलं.

म्हणून तळण संपल्यावर कढईतलं तूप गाळून त्याचा नमुना पाठवा. दाणे मात्र त्याआधी तळू नका, नाहीतर त्यांचं तेल तुपात उतरतं. दाणे कोरडे भाजून शेवटी मिसळा. स्वच्छ कोरड्या काचेच्या गडद बाटलीत २५० ग्रॅम भरा, बाटली काठोकाठ भरा, सील लावा, बॅच आणि तारीख लिहा. तितकाच दुसरा नमुना गटाकडे ठेवा.

शंकरपाळ्यांसारख्या पदार्थात दाणे नसल्याने तयार मालही तपासता येतो. वरच्या हिशोबात मैद्यासकट लिनोलिक आम्ल साडेतीन टक्क्यांच्या आसपास यायला हवं. चरबीतला दहावा भाग जरी सरकी तेलाचा असेल तर त्याच्या निम्म्याएवढ्या लिनोलिकमुळे हा आकडा आठच्या घरात जातो. एक-दोन टक्क्यांची भेसळ मात्र आकड्यांच्या चढउतारात लपू शकते. तिथे सिटोस्टेरॉलचा उपयोग, तोही कढईतल्या तुपावर, कारण मैद्यातही वनस्पतीचे स्टेरॉल असतातच.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची हवी. एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर अधिसूचित प्रयोगशाळांची यादी आहे. अर्जावर नुसतं ‘शुद्धता तपासणी’ असं लिहू नका. ‘फॅटी ॲसिड आराखडा, बीटा-सिटोस्टेरॉल, आरएम मूल्य, ४० अंशांवर बीआर रीडिंग, बाउडुइन’ अशी नावं लिहा. तुपाचा पुरवठादार बदलला की नवीन चाचणी, एरवी सहा महिन्यांनी एकदा पुरे.

कढईतल्या अडचणी

घाण्याचं न गाळलेलं खोबरेल तेल १७५ अंशांच्या आसपास धूर सोडतं. शंकरपाळे-चकली १६० ते १७० अंशांवर तळायची असते, म्हणजे मोकळीक फारशी नाही. अशा तळणाला तूप बरं, खोबरेल तेल चिवड्याच्या फोडणीला. ओलसर पोहे खोबरेल तेलात टाकले तर काही दिवसांत साबणासारखी चव येते. पाण्याने तेल फुटून लॉरिक आम्ल सुटतं, त्याची ती चव. पोहे आधी उन्हात आणि मग मंद आचेवर कुरकुरीत करा. खोबरेल तेलात दुसरं तेल मिसळलं तर कढईत फेस येतो. फेस दिसला की आधी कढई धुतली होती का ते पाहा.

भांडी वेगळीच ठेवा. स्टीलची कढई, झारा, चाळणी, यांना एकच रंगखूण करा. जुनी लोखंडी कढई तेल पिऊन बसलेली असते, धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्याने दोनदा घासली तरी खात्री नाही.

तळणाचं तूप किती वेळा वापरायचं? वापरलेल्या तळणात एकूण ध्रुवीय संयुगं (तूप-तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडल्यावर तयार होणारे पदार्थ) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायला मनाई आहे. ती मोजायचं मीटर नसेल तर रंग गडद होणं, घट्टपणा, लवकर धूर येणं या खुणांवर थांबा. प्रत्येक वेळी कापडातून गाळा, जळलेला चुरा तूप लवकर खराब करतो.

नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तूप पूर्ण पातळ होऊन पाकिटाच्या शिवणीतून पाझरतं आणि कागदी स्टिकरची शाई पसरते. डिसेंबरात खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठून चिवड्यावर पांढरा थर दिसतो, गिऱ्हाईक बुरशी समजून परत करतं. पाकीट आतून चंदेरी थराचं घ्या, स्टिकर प्लास्टिकचा, आणि हिवाळ्यात मागे एक ओळ : ‘थंडीत खोबरेल तेल गोठते, पदार्थ खराब नाही.’

लेबल

व्यवसायाची नोंदणी किंवा परवाना एफएसएसएआयच्या फॉस्कॉस पोर्टलवर होतो. उलाढालीची मर्यादा आणि फी अर्जाच्या दिवशी तिथेच पाहावी. पाकीटबंद माल विकायचा तर वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणीही लागते, ही बरेच गट विसरतात.

लेबल नुसतं मराठीत ठेवता येत नाही. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, मराठी त्याच्या जोडीला. ‘खाद्य वनस्पती तेल’ असं मोघम लिहिता येत नाही, तेलाचं नाव द्यावं लागतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने. मराठी बाजूचा नमुना असा :

गव्हाचे शंकरपाळे, गाईच्या तुपात तळलेले
बियांचे तेल वेगळे घातलेले नाही
घटक : मैदा, गाईचे तूप, साखर, वेलची, मीठ
ॲलर्जी सूचना : गहू (ग्लुटेन) आणि दूध आहे
निव्वळ वजन २५० ग्रॅम, किंमत १५० रुपये सर्व करांसह, प्रति ग्रॅम ०.६० रुपये
बॅच, तयार केल्याची तारीख, या तारखेपूर्वी वापरा
उत्पादकाचे नाव, पूर्ण पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी फोन आणि ईमेल
एफएसएसएआय चिन्ह व १४ अंकी क्रमांक, हिरवे शाकाहारी चिन्ह

तूप म्हणजे दूध, ही ॲलर्जी सूचना हमखास राहून जाते. पोषण तक्त्यात १०० ग्रॅममागे ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण आणि वरून घातलेली साखर, एकूण चरबी, संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल, सोडियम येतात. तुपात निम्म्याहून जास्त चरबी संपृक्त असते, ती लपवू नका. तुपात नैसर्गिक ट्रान्स फॅटही थोडं असतं, म्हणून ‘ट्रान्स फॅट शून्य’ असं समोर मिरवू नका.

हृदयाला चांगले, सूज कमी करते, डॉक्टरांची पसंती, यातलं काहीही लिहू नका. बियांच्या तेलांनी आजार होतात यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, आणि रोग बरा करण्याचा दावा कायद्याने बसतच नाही. ‘१०० टक्के’ हा शब्दही टाळा, मे २०२५ मध्ये एफएसएसएआयने तसा सल्ला दिला आहे. चुकीच्या लेबलला ३ लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि व्हॉट्सॲपवर फिरवलेलं चित्रही जाहिरातच धरलं जाऊ शकतं.

दाव्याची ओळ पाकिटावर कायमची छापू नका. तिचा वेगळा स्टिकर ठेवा. दिवाळीच्या गर्दीत तूप संपतं आणि कोणीतरी शेवटची दोन किलो तेलात काढतं. तेव्हा त्या पाकिटांवर तो स्टिकर न लावता वेगळी बॅच आणि घटकांत तेलाचं नाव असलेलं दुसरं लेबल लावून माल विकता येतो. स्टिकर मोजून द्यायचे : ६२ पाकिटं, ६२ स्टिकर, खराब झालेले परत वहीत चिकटवायचे. प्रत्येक बॅचचं एक पाकीट वापराच्या तारखेनंतर महिनाभर कपाटात ठेवा. तक्रार आली तर तेच पाकीट, त्या दिवसाचं वहीतलं पान आणि तुपाचा लॉट एकत्र काढून गिऱ्हाइकाला दाखवा.